झिपकोड एक, स्कूल डिस्ट्रिक्ट पाच

मध्य न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांची यादी साधारण ठरलेली असते: एडिसन, साउथ ब्रन्सविक, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर, माँटगोमेरी, आणि खिशाला झेपत असेल तर प्रिन्स्टन. सगळी गावं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. तरीही त्याच आकाराच्या, त्याच काळात बांधलेल्या दोन टाउनहाउसच्या किमतीत लाखभर डॉलरचा फरक दिसतो, आणि कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "तिथली शाळा चांगली आहे ना!"

चांगली म्हणजे काय, हे विचारायचं राहूनच जातं. बोली रविवार रात्रीपर्यंत लावायची असते, समोर वेबसाइटने दोन शाळांना दिलेले दहापैकी नऊ आणि दहापैकी सात असे दोन आकडे असतात, आणि मुलांचा प्रश्न आला की आपण हात आखडता घेत नाही. माझं म्हणणं आधीच सांगते. शेजारशेजारच्या दोन बऱ्या डिस्ट्रिक्टांच्या (म्हणजे एका बोर्डाखालच्या सरकारी शाळांच्या गटांच्या) क्रमवारीत जो फरक दिसतो, त्यातला बराचसा फरक तिथल्या पालकांच्या शिक्षणाचा आणि उत्पन्नाचा असतो. तुमचं शिक्षण आणि तुमच्या घरातलं वातावरण तर मुलाबरोबर कुठल्याही शाळेत जाणारच आहे. म्हणून नऊ की सात यावर झोप उडवण्यापेक्षा खरोखर गावागणिक बदलणाऱ्या गोष्टी बघाव्यात: हद्दीची रेघ, टॅक्सचं बिल, गणिताची चाळणी, हायस्कूलचा आकार आणि तुमच्या मुलाला लागणारी खास मदत.

पत्ता हाच प्रवेश

पुण्या-मुंबईत आपण आधी शाळा ठरवतो आणि मग प्रवेशासाठी धडपडतो. अमेरिकेतल्या सरकारी शाळेत ना मुलाखत असते, ना देणगी. तुम्ही ज्या पत्त्यावर राहता, त्या पत्त्याची शाळा ठरलेली असते आणि तिला तुमच्या मुलाला घ्यावंच लागतं. घर विकत घेतलेलं असो की भाड्याचं, हक्क तोच. व्हिसा कुठला आहे याचाही संबंध नाही. १९८२ च्या प्लायलर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की इमिग्रेशनच्या कागदांवरून मुलाला सरकारी शाळा नाकारता येणार नाही.

भाडेकरूचा हक्क लोक विसरतात म्हणून त्यावर जोर देते. प्लेन्सबरोतल्या फॉक्स रन किंवा हंटर्स ग्लेनच्या अपार्टमेंटमध्ये राहणारं मूल आणि मैलभरावरच्या मोठ्या बंगल्यातलं मूल एकाच डिस्ट्रिक्टमध्ये शिकतं. गावाबद्दल खात्री नसेल तर वर्षभर भाड्याने राहून शाळा आतून बघता येते. त्या एका वर्षात जे कळतं ते कुठल्याही वेबसाइटवर सापडत नाही.

डिस्ट्रिक्ट हा प्रशासनाचा स्वतंत्र कारभार असतो. त्याचं स्वतःचं निवडून आलेलं बोर्ड असतं, स्वतःचं बजेट असतं आणि प्रॉपर्टी टॅक्समध्ये स्वतःचा वाटा असतो. न्यू जर्सी आकाराने लहान, पण तिथे ५६४ नगरपालिका आणि सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्टं आहेत. बहुतेक ठिकाणी एक गाव, एक डिस्ट्रिक्ट असा हिशेब जमतो. जिथे जमत नाही तिथे घोळ होतो.

वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो ही दोन टाउनशिप मिळून एक डिस्ट्रिक्ट चालवतात. शाळा सामायिक, पण वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत येतं आणि प्लेन्सबरो मिडलसेक्स काउंटीत. शाळेच्या खर्चाची वाटणी ठरलेल्या सूत्राने होते आणि त्यावर गावाचा आणि काउंटीचा टॅक्स वेगवेगळा चढतो. त्यामुळे एकाच वर्गात बसणाऱ्या दोन मुलांच्या घरी येणाऱ्या बिलांचा दर वेगळा असतो. आणखी एक फरक फारच कमी लोकांच्या लक्षात येतो. मिडलसेक्स काउंटीच्या निवड-प्रवेशाच्या दोन हायस्कूल अकॅडमी आहेत: एडिसनला गणित, विज्ञान आणि अभियांत्रिकीची, वुडब्रिजला आरोग्य आणि जीवशास्त्राची. त्यांचे दरवाजे त्याच काउंटीतल्या मुलांना उघडे आहेत. प्लेन्सबरोचं मूल आठवीत असताना तिथे अर्ज करू शकतं. वेस्ट विंडसरचं मूल, दोन रस्ते पलीकडे राहत असलं तरी, करू शकत नाही.

क्रॅनबरीची तऱ्हा तिसरीच. तिथली स्वतःची शाळा आठवीपर्यंत आहे आणि नववीपासून मुलं करारानुसार प्रिन्स्टन हायस्कूलला जातात. अशा गावात घर घेताना दोन डिस्ट्रिक्टांची माहिती काढावी लागते आणि तो करार कधीपर्यंत आहे हेही विचारावं लागतं.

प्रिन्स्टनचा पत्ता म्हणजे प्रिन्स्टनची शाळा नव्हे

अमेरिकेत टपाल खात्याचा पत्ता आणि नगरपालिकेची हद्द यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. ०८५४० हा प्रिन्स्टनचा झिपकोड घ्या. कॅनॉल पॉइंटमधल्या काँडोंचा पत्ता "प्रिन्स्टन, न्यू जर्सी ०८५४०" असा आहे, पण ते वेस्ट विंडसरमध्ये आहेत. प्रिन्स्टन लँडिंग प्लेन्सबरोत आहे. प्रिन्स्टन वॉक साउथ ब्रन्सविकमध्ये आहे. माँटगोमेरी वुड्सचा पत्ता प्रिन्स्टनचा, शाळा माँटगोमेरीच्या. लॉरेन्स टाउनशिपचा काही भागही याच झिपकोडमध्ये येतो. एका झिपकोडवर पाच डिस्ट्रिक्टं झाली. उलटही होतं: साउथ ब्रन्सविक टाउनशिपमधल्या घरांच्या पत्त्यावर मॉनमथ जंक्शन, केंडल पार्क, डेटन अशी नावं असतात आणि "साउथ ब्रन्सविक" हा शब्द कुठेच दिसत नाही.

घराच्या जाहिरातीत शाळेचं नाव लिहिलेलं असतं, पण तो रकाना कुणीतरी हाताने भरलेला असतो. झिलो या घरखरेदीच्या वेबसाइटवर नकाशा दिसतो, पण त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की खात्री डिस्ट्रिक्टकडून करून घ्यावी. भरवशाची गोष्ट एकच: घराचा ब्लॉक आणि लॉट नंबर. टॅक्सच्या सरकारी नोंदीत त्या नंबरासमोर टाउनशिपचं नाव असतं. ते पक्कं झालं की डिस्ट्रिक्टच्या ट्रान्सपोर्टेशन ऑफिसला पत्ता देऊन विचारायचं: या घरातलं मूल प्राथमिक, मिडल आणि हाय अशा कुठल्या शाळांत जाईल? बस कुठल्या कोपऱ्यावर थांबते हे त्यांनाच माहीत असतं, त्यामुळे त्यांचं उत्तर सहसा बिनचूक असतं.

रिअल्टरला, म्हणजे घरांच्या दलालाला, "शाळा कशी आहे?" विचारलं की तो हसून "तुम्हीच बघून घ्या" म्हणतो. माहिती लपवतोय असं वाटतं, पण तसं नसतं. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याखाली ग्राहकाला वंश, धर्म वगैरे बघून एखाद्या वस्तीकडे वळवणं बेकायदेशीर आहे, आणि "चांगली शाळा", "चांगली वस्ती" हे शब्द अमेरिकेत बराच काळ त्याच कामासाठी वापरले गेले. म्हणून जाणता एजंट मत देत नाही, आकडे कुठे मिळतील ते सांगतो. हा अभ्यास आपल्यालाच करावा लागतो.

डिस्ट्रिक्टच्या आतली रेघ

एडिसनमध्ये डिस्ट्रिक्ट एक आणि हायस्कूल दोन: उत्तरेकडे जे. पी. स्टीव्हन्स आणि दक्षिणेकडे एडिसन हाय. टॅक्सचा दर एक, बोर्ड एक, अभ्यासक्रम एक. तरी घर बघायला गेल्यावर पहिला प्रश्न "जेपीचं आहे का?" असाच असतो, आणि त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे किमती बदलतात.

नेमका हाच प्रश्न अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी बोस्टनच्या उपनगरांतल्या घरांबद्दल विचारला होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी एकाच डिस्ट्रिक्टमधली, शाळेच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंची लगतची घरं ताडून पाहिली. वस्ती तीच, टॅक्स तोच, बदलते ती फक्त प्राथमिक शाळा. चाचणीतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घरासाठी साधारण अडीच टक्के जास्त मोजतात असं त्यांना दिसलं. रेघेचा विचार न करता सरसकट हिशेब केला तर हाच आकडा जवळजवळ दुप्पट येतो. आपण "शाळेमुळे महाग" म्हणतो त्यातला अर्धा भाग मोठी अंगणं, शांत रस्ते आणि जवळची बाग यांचा असू शकतो. ते हवं असेल तर जरूर पैसे मोजावेत, फक्त शाळेच्या नावावर मोजू नयेत.

दुसरं म्हणजे रेघ कायमची नसते. मुलांची संख्या वाढली की बोर्ड हद्दी बदलतं, आणि त्यासाठी घरमालकांची संमती लागत नाही. न्यू जर्सीत ही शक्यता खरी आहे, कारण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या माउंट लॉरेल निकालांमुळे प्रत्येक गावाला परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलावा लागतो आणि २०२५ ते २०३५ या दशकाचे आराखडे गावांनी मांडले आहेत. ही घरं व्हायलाच हवीत असं माझं ठाम मत आहे. शिक्षक, नर्स आणि बस ड्रायव्हर यांना त्यांच्याच गावात राहता येऊ नये ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण घर घेणाऱ्याने गावाचा आराखडा उघडून नवीन वसाहत कुठे येणार ते बघावं. रेघेला अगदी लागून असलेल्या घरासाठी शाळेच्या नावाखाली जादा पैसे देणं मला धोक्याचं वाटतं. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचंही तसंच आहे: तिथे साउथ आणि नॉर्थ अशी दोन हायस्कूलं आहेत, आणि वेस्ट विंडसरच्या काही वस्त्यांतली मुलं प्लेन्सबरोतल्या नॉर्थला जातात.

मुलं कमी झाली तरी फटका बसतो. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोची घरं इतकी महागली की लहान मुलांची कुटुंबं तिथे शिरेनाशी झाली, पटसंख्या घसरत गेली आणि २०२२ मध्ये रेगनार्ट आणि मायरहोल्झ या दोन प्राथमिक शाळा बंद झाल्या. शाळेच्या नावावर किंमत चढली आणि त्या किमतीनेच शाळा रिकामी केली.

दहापैकी किती, हे कशाचे मार्क?

न्यू जर्सीत तिसरीपासून नववीपर्यंत भाषा आणि गणिताची राज्य चाचणी असते. पाचवी, आठवी आणि अकरावीला विज्ञानाची. किती टक्के मुलं अपेक्षित पातळीवर पोचली, हा आकडा सगळ्या क्रमवाऱ्यांच्या मुळाशी असतो.

पण हा आकडा मुलं कुठे पोचली ते सांगतो, कुठून निघाली ते सांगत नाही. ज्या गावात आई-बाबा दोघंही इंजिनीअर किंवा डॉक्टर आहेत, घरी पुस्तकं आहेत, आठवड्यातून दोनदा गणिताचा क्लास आहे, तिथली मुलं शाळेने फारसं काही न करताही चाचणीत पुढे असतील. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शॉन रीअर्डन यांनी देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या निकालांवरून हेच मांडलं. सरासरी गुण कुटुंबांच्या आर्थिक स्थितीशी घट्ट बांधलेले दिसतात. वर्षागणिक होणाऱ्या प्रगतीचा मात्र त्या स्थितीशी फार थोडा संबंध दिसतो. त्यांच्या आकड्यांत शिकागोच्या सरकारी शाळा उठून दिसल्या. सरासरी गुण कमी, पण २००९ ते २०१४ या काळात तिथली मुलं तिसरी ते आठवीच्या पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकली.

ही प्रगती न्यू जर्सीत चौथी ते आठवीचे वर्ग असलेल्या शाळांसाठी मोजली जाते आणि फुकट बघता येते. राज्याचा शिक्षण विभाग दरवर्षी प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट काढतो. त्यात 'स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल' नावाचा आकडा असतो. आधीच्या वर्षांत ज्यांचे गुण सारखे होते अशा राज्यभरातल्या मुलांशी तुलना करून या मुलाने यंदा किती मजल मारली, हे एक ते नव्व्याण्णव या मापावर मांडतात आणि शाळेचा मधला आकडा देतात. पन्नास म्हणजे राज्यातल्या सर्वसाधारण शाळेइतकी वाटचाल. नव्वद टक्के मुलं उत्तीर्ण पण वाढ पंचेचाळीस, आणि शेजारी पंच्याहत्तर टक्के उत्तीर्ण पण वाढ साठ असं चित्र असेल, तर दुसऱ्या शाळेतले शिक्षक काय करतात ते जाऊन बघावंसं मला वाटेल. एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नये. तीन-चार वर्षं ओळीने बघावीत. त्याच रिपोर्टमध्ये किती मुलं वारंवार गैरहजर असतात, हेही असतं. हा आकडा शाळेच्या तब्येतीबद्दल बरंच बोलतो.

झिलोवर दिसणारे दहापैकी आकडे ग्रेटस्कूल्स या १९९८ पासूनच्या ना-नफा संस्थेचे असतात. २०२० मध्ये त्यांनी आपली पद्धत बदलून प्रगतीला जास्त वजन दिलं, ही चांगली गोष्ट. पण एकच एकत्रित आकडा बघण्याऐवजी त्यावर क्लिक करून आतले तुकडे बघा. हायस्कूलच्या राष्ट्रीय क्रमवाऱ्यांत एपी, म्हणजे कॉलेज पातळीच्या विषयांच्या, परीक्षांना बसणाऱ्या मुलांचं वजन मोठं असतं, त्यामुळे ज्या गावात सगळेच सात-आठ एपी घेतात ते गाव आपोआप वर जातं. ते गाव तुमच्या मुलाला मानवेल का, हा प्रश्न वेगळा राहतो.

गणिताची चाळणी आणि मुलांची झोप

क्रमवारीत न दिसणारी आणि मुलाच्या रोजच्या जगण्यावर सगळ्यात जास्त परिणाम करणारी गोष्ट म्हणजे शाळेतलं वातावरण. या बाबतीत वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोत जे घडलं ते प्रत्येक भारतीय पालकाने माहीत करून घ्यावं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथले सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे प्रमुख, डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. आधीच्या शैक्षणिक वर्षात मिडल आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीची शिफारस करावी लागली होती आणि त्यातल्या ४० जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. डिस्ट्रिक्टने हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठमुक्त केल्या आणि चौथीपासून मुलांना वेगळं काढणाऱ्या वेगवान गणिताच्या वर्गाची पद्धत बदलली. त्या वर्गात आशियाई कुटुंबांतली मुलं बहुसंख्य होती. पालकांत उभी फूट पडली. एका बाजूचे म्हणाले, मुलं दमली आहेत, थांबा. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, आम्ही मेहनतीवर इथवर आलो आणि आता तुम्ही शिडीच काढून घेताय. न्यू यॉर्क टाइम्सने त्यावर मोठी बातमी केली.

दोन्ही बाजूंच्या मनातली कळकळ मला समजते. स्पर्धा परीक्षेतून वर आलेल्या माणसाला परीक्षा बंद झाल्याची बातमी भीतीदायक वाटणारच. पण चाळीस हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की मला दुसरं काही सुचत नाही. ती कुणाची तरी चौदा-पंधरा वर्षांची मुलं होती, आणि त्यांच्या आई-बाबांनीही हे गाव शाळा चांगली म्हणूनच निवडलं होतं. ही अडचण एकट्या त्या डिस्ट्रिक्टची नाही. तिथल्या प्रमुखाने ती उघडपणे मांडली, एवढाच फरक. जिथे कुणीच बोलत नाही तिथे सगळं आलबेल आहे असं समजू नये.

म्हणून शाळेला भेट देताना विचारायचे प्रश्न असे: गणितात मुलांना वेगळं कधी काढतात? निवड कशावरून होते? चौथीत राहून गेलेलं मूल सातवीत आत येऊ शकतं का, आणि आत गेलेलं मूल कमीपणा न वाटता बाहेर येऊ शकतं का? किती मुलांमागे एक काउन्सेलर आहे? याची उत्तरं मुख्याध्यापकांकडून घ्या आणि मग त्याच गावातल्या नववी-दहावीच्या दोन-तीन मुलांना विचारा की रात्री किती वाजता झोपता. मराठी शाळेच्या रविवारच्या वर्गाबाहेर पालक आणि मोठी मुलं दोन्ही भेटतात. त्यांच्याकडून खरं ते कळतं.

हायस्कूलचा आकार हाही वातावरणाचाच भाग. साउथ ब्रन्सविकमध्ये सगळ्या टाउनशिपचं मिळून एकच हायस्कूल आहे, अडीच हजारांहून जास्त मुलांचं. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोची दोन हायस्कूलं प्रत्येकी दीड हजाराच्या आसपास आहेत. मोठ्या शाळेत विषय जास्त, क्लब जास्त, रोबोटिक्सपासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळं. पण बास्केटबॉलचा मुख्य संघ दोन्हीकडे एकेकच, आणि त्यात बारा-पंधरा जागा. खेळात किंवा नाटकात रमणाऱ्या मध्यम गतीच्या मुलाला लहान शाळेत रंगमंचावर उभं राहायची संधी लवकर मिळते. लाजरं मूल मोठ्या शाळेत आपल्यासारखेच चार जण शोधून काढतं. इथे क्रमवारीचा काही उपयोग नाही, आपलं मूल ओळखावं लागतं. आणि महाविद्यालयं अर्ज वाचताना त्या मुलाला त्याच्या शाळेत काय उपलब्ध होतं आणि त्याने त्याचं काय केलं हे बघतात, त्यामुळे नामांकित हायस्कूल म्हणजे प्रवेशाची हमी, हे गृहीतक टिकत नाही.

टॅक्सचं बिल नीट वाचा

न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जड आहे. २०२४ मध्ये राज्याचं सरासरी बिल पहिल्यांदाच दहा हजार डॉलरच्या वर गेलं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा शाळांचा असतो.

इथे पहिली चूक दर ताडून बघण्यात होते. दर हा कागदावरच्या मूल्यावर लागतो आणि ते मूल्य प्रत्येक गावाने वेगवेगळ्या वर्षी ठरवलेलं असतं. समजा एका गावाचा दर ३.६ टक्के आहे, पण तिथलं मूल्यांकन जुनं, बाजारभावाच्या ६० टक्केच आहे. शेजारच्या गावाचा दर २.२ आणि मूल्यांकन ताजं. पहिल्या गावाचा खरा दर झाला २.१६. म्हणजे "अबब, ३.६!" म्हणून सोडून दिलेलं गाव उलट थोडं स्वस्तच निघालं. सोपा उपाय म्हणजे वर्षाचं बिल भागिले आजची विक्री किंमत.

आता खर्चाचा हिशेब कल्पित आकड्यांवर करू. एक घर साडेसात लाखांचं, खरा टॅक्स दर २.३ टक्के, म्हणजे वर्षाला १७,२५०. दुसरं सव्वाआठ लाखांचं, दर १.९, म्हणजे १५,६७५. टॅक्समध्ये दुसऱ्या घराची महिन्याला १३० डॉलरची बचत. पण २० टक्के रोख भरून उरलेल्याचं तीस वर्षांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी घेतलं, तर दुसऱ्या घराचा हप्ता सुमारे ३८० डॉलरनी जास्त बसतो, आणि सुरुवातीला १५,००० जास्त भरावे लागतात ते वेगळेच. महिन्याला अडीचशेचा फरक राहिला. एक मात्र लक्षात ठेवायचं की हप्त्यातला मुद्दलाचा भाग घराच्या रूपाने तुमच्याकडेच राहतो. टॅक्स गेला तो गेला. अनेकांना महाग घर आणि कमी टॅक्स परवडतो, पण नोकरीची शाश्वती नसेल, ग्रीन कार्डची रांग लांब असेल, तर हाताशी रोख रक्कम असणं जास्त मोलाचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे शाळेच्या बाबतीतही तितकंच लागू आहे. हप्त्याच्या ओझ्याखाली दोघांनाही ओव्हरटाइम करावा लागला, तर संध्याकाळी मुलाजवळ बसायला कोण उरतं?

कॅलिफोर्नियात घर विकलं गेलं की टॅक्सचं मूल्य विक्री किमतीवर जातं. न्यू जर्सीत नुसत्या विक्रीमुळे तसं होत नाही, त्यामुळे आधीच्या मालकाचं बिल हा बरा अंदाज असतो. अपवाद तपासा: गावात फेरमूल्यांकन येऊ घातलं आहे का, घर नवं किंवा वाढवलेलं आहे का, आणि विकणाऱ्याला माजी सैनिक म्हणून सूट आहे का. सैन्यसेवेमुळे पूर्ण आणि कायमचं अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला प्रॉपर्टी टॅक्स पूर्ण माफ असतो आणि ते शून्य बिल तुमच्या वाट्याला येणार नसतं. फेडरल करातून राज्य आणि स्थानिक कर वजा करण्याची मर्यादा दहा हजार होती, ती २०२५ मध्ये चाळीस हजार केली गेली. त्या वर्षी पाच लाखांच्या वर उत्पन्न गेलं की ती आकसत जात होती.

गावात गोदामं आणि ऑफिसं किती आहेत हेही बघावं. ती टॅक्स भरतात आणि शाळेत मुलं पाठवत नाहीत. न्यू जर्सी टर्नपाइक या महामार्गाच्या ८ए एक्झिटभोवती साउथ ब्रन्सविक आणि क्रॅनबरीत पसरलेली गोदामं गावाच्या तिजोरीला आधार देतात. बदल्यात रस्त्यावर ट्रक येतात.

शाळांना गावाकडून मिळणाऱ्या टॅक्सची वाढ २०१० च्या कायद्याने वर्षाला दोन टक्क्यांवर रोखली आहे, काही अपवाद सोडून. शिवाय २०१८ च्या कायद्यानंतर अनेक डिस्ट्रिक्टांना राज्याकडून येणारी मदत टप्प्याटप्प्याने कमी झाली. दोन्ही बाजूंनी चिमटा बसला की पहिली कात्री सहसा ग्रंथपाल, प्राथमिकचं संगीत, परदेशी भाषा आणि सवलतीच्या बसवर चालते. प्रत्येक डिस्ट्रिक्ट बजेटचा सोपा सारांश वेबसाइटवर ठेवतं. गेल्या तीन वर्षांचे सारांश शेजारीशेजारी ठेवून काय गळालं ते शोधा. शाळेची आजची स्थिती त्यात क्रमवारीपेक्षा जास्त ताजी दिसते.

उरलेल्या, पण खोळंबा करणाऱ्या गोष्टी

राज्याच्या नियमाप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांहून दूर असेल, किंवा हायस्कूलच्या मुलाचं अडीच मैलांहून दूर, तरच बस फुकट मिळते. एक पूर्णांक नऊ मैलांवरच्या घराला पैसे भरून बस घ्यावी लागू शकते किंवा रोज सोडायला जावं लागतं. दोघंही प्रिन्स्टन जंक्शनहून न्यू यॉर्कची गाडी पकडणारे असाल, तर सकाळचं सगळं गणित यावर अवलंबून आहे. किंडरगार्टन पूर्ण दिवसाचं आहे की अर्ध्या दिवसाचं, आणि शाळेनंतर मुलांना सांभाळायची सोय शाळेतच आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

मुलाला बोलण्यात, वाचण्यात किंवा वागण्यात काही अडचण असेल, आयईपी (विशेष मदत लागणाऱ्या मुलासाठी शाळेने केलेला वैयक्तिक आराखडा) असेल किंवा लागेल असं वाटत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डिस्ट्रिक्टच्या स्पेशल सर्व्हिसेस विभागाशी बोला. आयईपी असलेलं मूल नव्या डिस्ट्रिक्टमध्ये गेलं की तिथे तोडीस तोड सेवा द्याव्या लागतात, हा कायदा आहे. पण ती सेवा घराजवळच्या शाळेत मिळते की मुलाला रोज तासभर व्हॅनने दुसऱ्या गावी पाठवतात, हे डिस्ट्रिक्टगणिक बदलतं. अशा कुटुंबांनी त्या गावातला विशेष गरजांच्या पालकांचा गट शोधावा. आपल्या समाजात या विषयावर अजून दबक्या आवाजात बोललं जातं आणि त्यात मुलांची मोलाची वर्षं वाया जातात. दहापैकी दहाची शाळा या एका बाबतीत तोकडी असेल, तर ती तुमच्या मुलासाठी चांगली शाळा नाही.

हे सगळं बोली लावण्याआधी जमलं तर उत्तम. नाहीच जमलं तर न्यू जर्सीत एक सोय आहे: रिअल्टरने तयार केलेल्या करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावर वकिलाला तो तपासायला कामकाजाचे तीन दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत वकिलामार्फत करार मोडता येतो. पहिल्याच दिवशी सकाळी ब्लॉक-लॉट नंबर घेऊन टॅक्सची नोंद उघडा, ट्रान्सपोर्टेशन ऑफिसला फोन करा आणि तिन्ही शाळांची नावं ईमेलवर लेखी मागून घ्या. जाहिरातीत लिहिलेली नावं आणि ईमेलमधली नावं जुळली नाहीत, तर त्याच दिवशी वकिलाला कळवा.